कानातला खडा

बेरेंट्स समुद्र. सकाळचे दहा, आणि निळसर अंधार.
ठाणं क्रमांक एकशे बारा.
पंधरा मिनिटं जाळं तळावरून ओढलं
आणि वर आलं तेव्हा त्यात
एक कॉड, दोन तारामासे
आणि कुणाचा तरी डाव्या हाताचा रबरी मोजा.

ओद्दवार सुकाणूवरून ओरडला,
चुकीच्या जागी टाकलंस, बाई!
दहा मैल पश्चिमेला चल, थवेच्या थवे आहेत,
काल पडद्यावर मीच पाहिले, ढगांसारखे.
राग्नफ्रीद म्हणाली, असतील.
मासे आहेत तिथे जायला आपण कोळी नाही.
ही जागा चिठ्ठी टाकून निघालीय,
इथलं नसणंही मोजायचं असतं.
आणि वहीत लिहिलं : एक.
मोज्यासाठी रकाना नव्हता.

शितावरून भाताची परीक्षा, असं म्हणायला ठीक.
पण इथे भात पोहतो,
उत्तरेला सरकतो दरवर्षी थोडा,
आणि भांड्याचा बर्फाळ काठ
आपण शीत चेपून पाहीपर्यंत
आणखी मागे गेलेला असतो.

लांबी चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. मादी.
पोटात नऊ कॅपलिन
आणि स्वतःच्याच जातीचं एक पोर, शेपटीकडून विरघळत आलेलं.
तेही लिहायचं. लिहिलं.
मग डोळ्यांच्या मागे सुरी,
एक आडवा काप, चिमटा,
आणि बाहेर येतो कानातला खडा
शेंगदाण्याच्या पाकळीएवढा, पांढरा,
ज्याने ही बाई इतकी वर्षं
अंधारात सरळ पोहत राहिली.

खडा मधोमध मोडायचा.
भिंगाखाली मोडलेल्या कडेवर
उन्हाळे रुंद, हिवाळे रेघेएवढे.
माशाला वय लपवता येत नाही
पण बघणाऱ्याला चुकता येतं.

बावीस वर्षं अर्धा खडा हिच्याकडे राहायचा
आणि अर्धा कागदी पाकिटातून मुर्मान्स्कला,
येफिम आर्काद्येविचच्या टेबलावर.
पत्रात प्रकृती, हवा, काही नाही. फक्त आकडे.
हिचे आठ, त्याचे नऊ.
तू एक हिवाळा विसरतेस, तो लिहायचा.
तू एक हिवाळा दोनदा जगतोस, ही लिहायची.
दोघांच्या भांडणातल्या त्या एका रेघेवर
बोट्सफ्योर्डच्या धक्क्यावर किती पेट्या उतरणार
ते ठरायचं, निदान थोडंफार,
आणि ओद्दवारचा मेहुणा हफ्ते फेडायचा किंवा नाही.
भेटले एकदाच, एका बैठकीत.
तो बुटका निघाला, आणि त्याला मासे आवडत नव्हते.

मग एका वर्षी टपाल थांबलं.
कारणाचा माशांशी काही संबंध नव्हता.
मासे तसेच येत-जात राहिले
नकाशावरच्या त्या रेघेखालून,
इकडे अंडी, तिकडे चरणं,
आणि अर्ध्या समुद्राचा हिशेब
हिच्या तक्त्यात कोरा.
कोऱ्या जागी शून्य लिहू नये,
हे ती नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवते.
शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं.
कोरं म्हणजे पाहताच आलं नाही.

आज एकशे बाराच्या खड्यावर
ती बराच वेळ वाकून बसली.
आठ. पुन्हा आठ.
पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये एक पुसट धागा,
खरा हिवाळा, की उपासाचा एखादा महिना,
कॅपलिन आलीच नाही असा?
शाईने लिहिलं आठ.
मग पेन्सिल शोधली, कानामागेच होती,
आणि समासात बारीक अक्षरात :
ये. म्हणेल नऊ.

उरलेला अर्धा खडा पाकिटात घातला,
पत्ता लिहिला, तिकीट नाही,
आणि खालच्या खणात, आधीच्या पाकिटांवर.
खण आता नीट लागत नाही.

वरून ओद्दवारची हाक,
एकशे तेरा आलं, टाकू का?
पाण्यावर नव्या बर्फाचे पापुद्रे, जहाज त्यांना कुरतडत हळू झालेलं.
टाक, ती म्हणाली,
आणि ओला मोजा वाळायला
हीटरच्या पाइपवर ठेवून वर गेली.